‘विटा’चे ‘वायटा’ का झाले?

*पत्र*

स. न. वि. वि.

माझी मुलगी सेमी-इंग्रजी शाळेत तिसरीत आहे. या वर्षी वर्गात ‘ओपन सिलेबल’ आणि ‘क्लोज्ड सिलेबल’ शिकवायला सुरुवात झाली. तेव्हापासून ती घरी शब्दांचे तुकडे पाडत बसते आणि कधी ‘पेपर’ला ‘पॅपर’ म्हणते, तर कधी ‘रॅबिट’ला ‘रेबिट’. मागच्या महिन्यात एस.टी.ने सांगलीहून परत येताना रस्त्याकडेच्या फलकावर इंग्रजीत लिहिलेले आमच्या तालुक्याच्या गावाचे नाव तिने मोठ्याने ‘वायटा’ असे वाचले. बसमधले लोक हसले, तिचा मामाही हसला. त्या दिवसापासून ती कुठलाही इंग्रजी फलक वाचायला तयार होत नाही. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, इंग्रजी पाचवीपासून सुरू झाले आणि सिलेबल हा शब्द मी आताच ऐकला. शिकवणीचे सर म्हणतात, ‘असले काही करू नका, प्रत्येक स्पेलिंग दहा वेळा लिहून घ्या.’ मी काय करावे? मराठीमुळे तिचे इंग्रजी बिघडते आहे का?

— एक आई, खानापूर तालुका, जि. सांगली

(विनंतीवरून नाव छापलेले नाही.)

*उत्तर*

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी ‘वायटा’विषयी लिहितो, कारण आपल्या पत्रातला खरा सल तिथेच आहे. माझ्या वर्गात कुणी असे वाचले असते, तर मी त्या मुलीला पूर्ण गुण दिले असते. व्ही-आय-टी-ए ही चार अक्षरे समोर आल्यावर तिने शब्दाचे दोन तुकडे पाडले, पहिला तुकडा व्ही-आय असा स्वरावर संपतो हे ओळखले आणि अशा तुकड्यातला स्वर स्वतःचे नाव उच्चारतो हा वर्गात शिकलेला नियम तिथे लावला. अक्षराचे नाव ‘आय’, म्हणून तुकडा ‘वाय’. गावांच्या नावांना हा नियम लागत नाही, एवढेच तिला कुणी सांगितलेले नव्हते. जी मुले फलकावरचा शब्द नुसता लक्षात ठेवतात, ती ‘विटा’ बिनचूक वाचतात आणि पुढे अनोळखी शब्द आला की गप्प बसतात. आपली मुलगी अनोळखी शब्दालाही हात घालते आहे. हे मामांच्या कानावर जरूर घाला.

सिलेबल म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, ज्यात एकच स्वर ऐकू येतो. काही पुस्तके त्याला ‘अवयव’ म्हणतात, पण घरात ‘तुकडा’ म्हटले तरी काही अडत नाही. अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. आपल्या लिपीत अक्षर हे एकक इतके ठसठशीत आहे की मराठी मूल तुकडे मोजायला सांगितले की लिहिलेली अक्षरे मोजते. ‘कमळ’ लिहिताना अक्षरे तीन असतात, पण बोलताना क-मळ असे दोनच तुकडे पडतात. ‘नंबर’चेही तसेच आहे. म्हणून पहिले दोन-तीन दिवस इंग्रजीला हात लावू नका. तिला हनुवटीखाली पालथा हात धरायला सांगा आणि शब्द सावकाश म्हणायला लावा. हनुवटी जितक्या वेळा हाताला टेकेल तितके तुकडे. यासाठी आपल्याच भागातली नावे घ्या. ‘सातारा’ म्हणताना तीन वेळा टेकते आणि सा, ता, रा हे तिन्ही तुकडे मोकळे, म्हणजे स्वरावर संपणारे आहेत. ‘तासगाव’चे दोन्ही तुकडे बंद आहेत, म्हणजे व्यंजनावर मिटणारे. ‘सांगली’चा पहिला बंद आणि दुसरा मोकळा, तर ‘मिरज’चा पहिला मोकळा आणि दुसरा बंद. मोकळा आणि बंद हा भेद कानाला इथेच कळला, तर पुढे ओपन आणि क्लोज्ड ही नुसती नावे उरतात. ती न शिकवताही चालतात. परीक्षेत व्याख्या विचारली जाईल अशी भीती वाटत असेल, तर आदल्या दिवशी एक ओळ पाठ करून घ्यावी.

यानंतर एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या कापा. एका पट्टीवर एच, आय आणि एम ही अक्षरे अंतर सोडून लिहा आणि शेवटचे अक्षर मागे दुमडता येईल अशी घडी घाला. घडी उघडी असताना शब्द ‘हिम’ होतो. ‘एम’ मागे दुमडला की उरलेले दोघे ‘हाय’ म्हणू लागतात. अशाच घडीने ‘नॉट’चा ‘नो’ होतो, ‘गॉट’चा ‘गो’, ‘बेड’चा ‘बी’ आणि ‘शेड’चा ‘शी’. मागे व्यंजन उभे असले की स्वर आखूड आणि दबका होतो, व्यंजन हटले की तो लांबतो आणि आपले नाव सांगतो. ‘ए’ या अक्षरासाठी मात्र अशी सोयीस्कर जोडी सापडत नाही, कारण ‘ए’वर संपणारे एका तुकड्याचे शब्द इंग्रजीत जवळपास नाहीत. तिथे ‘बॅट’ घेऊन ‘टी’ दुमडावा आणि ‘बे’ हा अर्थहीन तुकडा तिला तसाच म्हणू द्यावा. मुलांना अर्थहीन तुकड्यांची मौज वाटते आणि हाच तुकडा पुढे ‘बेबी’त भेटतो. हा घडीचा खेळ आठवडाभर चालू द्या. रोज दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही. मराठीत आपली जीभ या बाबतीत इंग्रजीच्या नेमकी उलट चालते, आणि गंमत अशी की त्याचे उदाहरण आपल्या तालुक्याच्या नावाशीच जुळते. ‘वीट’ हा एकच बंद तुकडा आहे आणि त्यातली ‘वी’ दीर्घ आहे. एकीच्या अनेक ‘विटा’ झाल्या की वि-टा असे दोन तुकडे होतात, पहिला तुकडा मोकळा होतो आणि लगेच ह्रस्व होतो. फूल पण फुलाला, मूल पण मुलाला, सून पण सुनेला, गरीब पण गरिबाला. तत्सम शब्द सोडले तर मराठीत हे सर्रास घडते. मराठी साहित्य महामंडळाच्या शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांत याच सवयीला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातल्या, इकार-उकाराच्या नियमांचे रूप मिळालेले आहे. थोडक्यात, इकार-उकारांपुरते पाहिले तर मराठीत शब्दाच्या शेवटचा बंद तुकडा दीर्घ आणि शेवटच्या आधीचा मोकळा तुकडा ह्रस्व असतो, तर इंग्रजीत बंद तुकडा ह्रस्व आणि मोकळा दीर्घ असतो. शब्दाच्या अगदी शेवटी येणाऱ्या मोकळ्या तुकड्यात मात्र दोन्ही भाषांचे जुळते, कारण ‘पाटी’ आणि ‘चाकू’ यांचा अंत्य स्वर आपण दीर्घ लिहितो आणि इंग्रजीतही ‘शी’, ‘गो’ दीर्घच असतात. तेव्हा ‘पेपर’चा पहिला तुकडा मोकळा आहे हे कळूनही मुलीने तो आखूड करून ‘पॅपर’ म्हटले, तर त्यात तिच्या मातृभाषेची घट्ट सवय आहे, असे समजून घ्यावे. ही सवय मोडायची नाही, मराठी लिहिताना ती तिला लागणारच आहे. इंग्रजीचे पुस्तक उघडले की उलटी चाल सुरू होते, एवढे तिला ‘वीट-विटा’ आणि ‘हिम-हाय’ या दोन जोड्या शेजारी मांडून दाखवा. आठ वर्षांच्या मुलांना दोन खेळांचे दोन वेगळे नियम सहज समजतात.

जिथे मराठी आड येते तिथूनच ती मदतीलाही येते, आणि या मदतीचा उपयोग शाळांत फार कमी केला जातो असे मला वाटते. आपल्या घरात, शेतात आणि बाजारात शेकडो इंग्रजी शब्द रोज बोलले जातात. ते आपण देवनागरीत लिहितो तेव्हा इंग्रजी स्पेलिंगने झाकलेला स्वर उघडा पडतो. बोनस, टोकन, सोलर, एजंट, पायलट, सायलेन्सर, युनिट, स्टुडंट या शब्दांत पहिला स्वर ओ, ए, आय किंवा यू असा स्वतःचे नाव घेऊन येतो, म्हणजे पहिला तुकडा मोकळा आहे. ट्रॅक्टर, टिफिन, नंबर, डॉक्टर, ऑफिस, मेंबर, बटण यांत तोच स्वर ॲ, इ, अ, ऑ किंवा आखूड ए होऊन बसतो, म्हणजे पहिला तुकडा बंद आहे. मुलीला वहीच्या पानावर मधोमध एक रेघ ओढू द्या आणि आठवडाभर घरात ऐकू येणारे असे शब्द आधी देवनागरीत दोन बाजूंना लिहायला सांगा. त्यानंतर त्यांची इंग्रजी स्पेलिंगे पुस्तकातून किंवा डब्यावरून, पिशवीवरून, पावतीवरून शोधून शेजारी मांडायला सांगा. स्वरानंतर एकच व्यंजन आहे की दोन आहेत, हे तिचे तिलाच दिसू लागेल. तुम्हाला इंग्रजी पाचवीत भेटले आणि तिला पहिलीतच भेटले, कारण महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. पण ‘टोकन’ आणि ‘टिफिन’ हे शब्द तुम्हा दोघींनाही शाळेच्या आधीपासून ठाऊक आहेत, आणि या कामाला तेवढे पुरते. ॲ आणि ऑ ही चिन्हे शासनाच्या २००९ सालच्या वर्णमालेत रीतसर समाविष्ट झाली आहेत. ती तिला लिहिता येत नसतील तर आधी ती शिकवा, कारण या सगळ्या खेळाचा आधार त्यांच्यावर आहे.

देवनागरीच्या या उत्तरपत्रिकेतही काही उत्तरे चुकलेली आहेत, ती आधीच सांगून ठेवतो. ‘हॉटेल’ आपण ऑ लावून म्हणतो, पण इंग्रजीत त्याचा पहिला तुकडा मोकळा आहे आणि उच्चार ‘होटेल’ असा होतो. ‘केबिन’चे याच्या उलट आहे, इंग्रजीत ते ‘कॅबिन’ आहे. शब्द तोंडातोंडी फिरत आपल्याकडे आले, तेव्हा असे होणारच. दुसरी अडचण अधिक खोलवर आहे. देवनागरीतला ‘ए’ इथे दोन कामे करतो. ‘पेपर’मधला ‘पे’ हा मोकळ्या तुकड्यातल्या ‘ए’ या इंग्रजी अक्षराचा आवाज आहे, तर ‘पेन’मधला ‘पे’ हा बंद तुकड्यातल्या ‘ई’ या अक्षराचा. इंग्रजी कानाला हे दोन आवाज वेगळे वाटतात, आपण दोन्ही एकाच मात्रेने लिहितो. म्हणून मराठी मुले ‘पेपर’चे स्पेलिंग पी-ई-पी करून सुरू करतात आणि बाई लाल शाई वापरतात. ‘ए’ ऐकू आला की मुलीने स्वतःला विचारायचे, की तुकडा मोकळा आहे की बंद? मोकळा असेल तर लिहायचे अक्षर ‘ए’, बंद असेल तर ‘ई’. ‘एजंट’ आणि ‘मेंबर’ ही जोडी यासाठी चांगली आहे.

आता शब्द कुठे तोडायचा ते पाहू, कारण ‘रेबिट’ ही तोडण्याच्या जागेची चूक आहे आणि मातृभाषेच्या सवयीखेरीज ‘पॅपर’मागेही तीच असू शकते. मुलीला शब्दातल्या स्वरांखाली पेन्सिलीने टिंब द्यायला सांगा आणि दोन टिंबांच्या मधे किती व्यंजने आहेत ते पाहायला सांगा. दोन असतील तर त्यांच्या मधोमध तोडावे, मग नॅप-किन, बास-केट, पिक-निक आणि ‘रॅबिट’मधले दोन ‘बी’ही दोन बाजूंना एकेक जातात. पहिला ‘बी’ डावीकडे राहून तुकडा बंद करतो, म्हणून ‘रॅब’. तिने ‘रेबिट’ म्हटले तेव्हा दुसरा ‘बी’ तिच्या नजरेतून निसटला होता. एकच ‘बी’ असता तर तिचेच वाचन बरोबर ठरले असते. एस-एच, सी-एच, टी-एच, सी-के अशा जोड्या मात्र एका आवाजाच्या असतात आणि त्या फोडायच्या नसतात, म्हणून ‘टिकेट’मध्ये सी-के एकत्रच डावीकडे जातात.

मधे एकच व्यंजन असेल तिथे खरी कसोटी लागते. पहिला प्रयत्न नेहमी त्या व्यंजनाच्या आधी तोडून करायचा, म्हणजे पहिला तुकडा मोकळा राहतो: पे-पर, रो-बॉट, टाय-गर, म्यू-झिक. असे वाचल्यावर ओळखीचा शब्द कानावर आला तर काम झाले. न आला, तर व्यंजन उचलून डावीकडे द्यायचे आणि तुकडा बंद करून पुन्हा वाचायचे. ‘लेमन’ आधी ‘लीमन’ असे वाचले जाईल, ते ऐकून मुलगी स्वतःच नाक मुरडेल आणि दुसऱ्या प्रयत्नात ‘लेम-न’वर येईल. लिमिट, मॉडेल, कॉपी, व्हिजिट, लेव्हल, रिव्हर हे सगळे दुसऱ्या प्रयत्नाचे शब्द आहेत. इथे ‘चुकलीस’ हा शब्द आपल्या तोंडून येऊ देऊ नका, कारण पहिला प्रयत्न फसणे हा या पद्धतीचाच भाग आहे. ‘दुसरीकडून बघ’ एवढे म्हणावे. शिवाय कोणत्या बाजूने तोडायचे यावर खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतही एकमत नाही. ब्रिटनमध्ये ‘व्हिटॅमिन’ म्हणतात आणि अमेरिकेत ‘व्हायटॅमिन’, ब्रिटनमध्ये ‘झेब्रा’ आणि अमेरिकेत ‘झीब्रा’. अमेरिकनांनी तो तुकडा मोकळा सोडला, इंग्रजांनी बंद केला. आपल्या मुलीने व्ही-आय-टीचा ‘वाय’ केला तेव्हा ती एका अर्थी अमेरिकेच्या बाजूने उभी राहिली होती.

डबल अक्षरांचे कोडेही याच नियमात सुटते, आणि मला स्वतःला हा सगळ्यांत आवडता भाग वाटतो. आपण शॉपिंग, स्विमिंग, बॅटिंग, सेटिंग म्हणतो, चहाही कटिंग पितो. या प्रत्येक शब्दाच्या स्पेलिंगमध्ये व्यंजन दोनदा येते. टायपिंग, ड्रायव्हिंग, रायडिंग यांत मात्र ते एकदाच येते. कारण उघड आहे: ‘कट’ला आय-एन-जी जोडताना ‘टी’ एकटाच ठेवला, तर तो उजवीकडच्या तुकड्यात जाईल, ‘यू’ मोकळा पडेल आणि शब्द ‘क्यूटिंग’ होईल. दुसरा ‘टी’ पहारेकऱ्यासारखा डावीकडे उभा राहतो आणि स्वराला आखूड ठेवतो. ‘डिनर’मध्ये दोन ‘एन’ आहेत, त्यातला एक काढला की ‘डायनर’, म्हणजे जेवणारा, होतो. ‘सपर’मधला एक ‘पी’ काढला की ‘सुपर’ होतो. ही युक्ती फार जुनी आहे. बाराव्या शतकात ऑर्म नावाच्या एका इंग्रज मठवासी लेखकाने आपल्या धार्मिक पद्यरचनेत आखूड स्वरानंतरची व्यंजने अत्यंत काटेकोरपणे दुप्पट लिहिली. ती रचना लोकांना वाचून दाखवणाऱ्याचा उच्चार चुकू नये, अशी त्याची धडपड होती.

मुलीने ‘पण असे का?’ असे विचारले, तर तिला थोडा इतिहास सांगायला हरकत नाही. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर आपल्या जागेवरून हळूहळू सरकले. जो पूर्वी ‘ई’सारखा ऐकू येई तो ‘आय’ झाला, जो ‘आ’सारखा होता तो ‘ए’ झाला. आखूड स्वर मात्र बव्हंशी होते तिथेच राहिले आणि स्पेलिंग तर जवळजवळ हललेच नाही. त्यामुळे एकाच अक्षराला एक मोकळ्या तुकड्यातला आणि एक बंद तुकड्यातला असे दोन दूरदूरचे आवाज येऊन चिकटले.

गावांच्या नावांचे रहस्यही यात आहे. प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली साताऱ्याच्या गादीवरून दूर केल्यानंतर रंगो बापूजी त्यांची बाजू मांडण्यासाठी लंडनला गेले. त्या वादाच्या काळात तिकडे जे छापले गेले त्यात साताऱ्याचे स्पेलिंग एस-ए-डबल टी-ए-आर-ए असे सापडते. हा जादा ‘टी’ पाहून इंग्रज वाचक निदान ‘सेटारा’ म्हणणार नाही. पुण्यासाठीही इंग्रजांनी पी-डबल ओ-एन-ए असे लिहिले. ‘यू’ लिहिला असता तर नियमाप्रमाणे त्याचे ‘प्यूना’ झाले असते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी लिप्यंतराची पद्धत सरकारने स्वीकारली. तिच्यात ‘ए’ म्हणजे अ किंवा आ, ‘आय’ म्हणजे इ आणि ‘यू’ म्हणजे उ असे ठरले. इंग्रजी अक्षरांना जुने, सरकण्याआधीचे आवाज परत दिले, असे म्हटले तरी चालेल. आज रस्त्यावरच्या फलकांवर गावांची नावे साधारण याच वळणाने लिहिली जातात. तेव्हा मुलीला सांगा की गावांची आणि माणसांची नावे हा मराठी शब्दच असतो, त्याने इंग्रजी अक्षरांचा नुसता सदरा घातलेला असतो. तो मराठीसारखा वाचायचा.

या नियमाची हद्दही तिच्या शिक्षिका पुढे सांगतीलच, तरी आपल्याला ठाऊक असलेली बरी. कोल्ड, ओल्ड, मोस्ट, पोस्ट, काइंड, फाइंड, चाइल्ड हे शब्द शेवटी दोन-दोन व्यंजने असूनही स्वर लांबच ठेवतात. हे गट करून एकत्र वाचून घ्यावेत. ज्या तुकड्यावर जोर पडत नाही, तिथे स्वर अगदी पुसट होतो, मग तो तुकडा मोकळा असो की बंद. ‘बनाना’मधला पहिला ‘ए’ आपले नाव घेत नाही, याचे कारण हेच. मराठी बोलताना आपण सगळ्या तुकड्यांवर जवळपास सारखाच भार देतो, त्यामुळे हा भाग आपल्या मुलांना उशिरा जमतो, आणि तिसरीत तो जमण्याची घाई नाही. इंग्रजी तुकड्यांचे एकूण सहा प्रकार शिकवण्याची पद्धत आहे. मोकळा आणि बंद हे त्यातले पहिले दोन. उरलेले चार, त्यात शेवटचा न बोलणारा ‘ई’ही आला, या दोन प्रकारांवर हात बसल्याशिवाय घरात सुरू करू नयेत.

शिकवणीच्या सरांविषयी जपून लिहितो, कारण वीसएक वर्षे मीही तेच केले. दहा वेळा लिहून घेतलेले स्पेलिंग शनिवारच्या चाचणीपर्यंत टिकते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. ते सोमवारपर्यंत टिकत नाही, हेही. वन, सेड, व्हॉट यांसारखे थोडे शब्द नियमात बसत नाहीत आणि ते खरोखर घोटूनच घ्यावे लागतात. त्यांच्यापुरते सरांचे म्हणणे मान्य करा. ‘नॅपकिन’ दहा वेळा लिहायला लावणे मात्र मुलीच्या बोटांना विनाकारण शिक्षा आहे, कारण तो शब्द तिने दोन तुकड्यांत एकदा नीट तोडला की तिचा होतो. सरांना हे पटत नसेल तर वाद घालू नका, त्यांनी दिलेल्या यादीतच तिला टिंबे आणि रेघा मारू द्या. दहा वेळा लिहायचेच असेल, तर तिने दर वेळी तुकडा मोठ्याने म्हणत लिहावे. वर्गशिक्षिकांना भेटून मात्र एक गोष्ट जरूर विचारा: शब्द तोडताना आधी मोकळा प्रयत्न करायचा, की आधी बंद? काही शिक्षक बंदपासून सुरुवात करतात, आणि घरी व शाळेत दोन वेगळ्या चाली झाल्या तर मूल गोंधळते. त्या जे सांगतील तेच घरी ठेवा, मी वर लिहिलेला क्रम बदलला तरी बिघडत नाही.

उरला फलकांचा अबोला. पुढच्या वेळी सांगलीला जाताना तासगावपर्यंत काहीच बोलू नका. पुढे दुकानांच्या पाट्या दिसू लागल्या की आधी तुम्ही वाचायला लागा, आणि एखादी पाटी मुद्दाम चुकीच्या बाजूने तोडा. ‘सोलर’चे ‘सॉलर’ करा, ‘ट्रॅक्टर’चे ‘ट्रेक्टर’ करा. ती तुम्हाला दुरुस्त केल्याशिवाय राहणार नाही. येताना विट्याचा फलक लागेल तेव्हा मामा सोबत असतील, तर तो त्यांना वाचू द्या.